होमब्रू स्पर्धा: आधी स्टुअर्ड व्हा, मग बाटली पाठवा

घरी बिअर करणाऱ्याची एक अडचण कायमची असते. चाखणारे सगळे आपलेच. मित्र घोट घेतो, मान डोलावतो, "मस्त झालीय" म्हणतो आणि ग्लास पुन्हा पुढे करतो. त्याच्या मनात खोट नसते, पण त्या "मस्त"वरून पुढच्या खेपेला मॅशचं, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवतो त्या मिश्रणाचं, तापमान खाली आणायचं की यीस्ट वाढवायचं, हे काही कळत नाही. स्पर्धेला बाटली पाठवायची ती यासाठी. तिथे तुमची भीड नसलेली, चव ओळखायचं शिक्षण घेतलेली दोन माणसं तुमच्या बिअरसमोर दहा-बारा मिनिटं बसतात आणि जे जाणवलं ते कागदावर लिहून देतात.

मी सुरुवातीची दोन वर्षं नुसत्या बाटल्या पाठवत होते. शेरे यायचे, काही पटायचे, काही अन्यायाचे वाटायचे. मग एका स्पर्धेत मदतीला माणसं कमी पडली म्हणून मी स्टुअर्डच्या, म्हणजे जजांच्या मदतनिसाच्या, कामाला गेले. त्या एका दिवसात मला जे समजलं ते आधीच्या सगळ्या स्कोअरशीटनी (जजांच्या गुणांच्या आणि शेऱ्यांच्या कागदांनी) मिळून शिकवलं नव्हतं. म्हणून हा लेख मी नेहमीच्या क्रमाने लिहीत नाही. आधी कामाला जा, मग एन्ट्री भरा, असा माझा आग्रह आहे आणि लेखाचा क्रमही तोच आहे.

त्याआधी कायद्याचं एक वाक्य. घरी बिअर बनवण्याचे नियम देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये १९६३ साली त्यासाठीचा परवाना रद्द झाला. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने केंद्रीय कायदा बदलला आणि एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा ठरली. तरीही मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली. तुम्ही जिथे राहता तिथे बनवायला, घराबाहेर न्यायला आणि पाठवायला परवानगी आहे का, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासा. बनवायला मुभा आणि पार्सलला बंदी, असं पुष्कळ ठिकाणी असतं.

गुण कसे दिले जातात

जगभरातल्या बहुतेक होमब्रू स्पर्धा बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, म्हणजे बीजेसीपी या संस्थेची पद्धत वापरतात. ही संस्था १९८५ साली सुरू झाली. कुठल्या प्रकारची बिअर कशी असावी याची तिची मार्गदर्शिका आहे. बिअरची सध्याची आवृत्ती २०२१ सालची. ती फुकट वाचायला मिळते. स्पर्धेला उतरायचं असेल तर रेसिपीच्या आधी ती वाचा.

प्रत्येक बिअरला ५० पैकी गुण असतात. सुगंधाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकूण परिणामाला १०. ही विभागणी नीट बघा. काचेसारखी स्वच्छ बिअर दिसावी म्हणून आपण आठवडेच्या आठवडे घालवतो, आणि रंग, पारदर्शकता, फेस या सगळ्याला मिळून फक्त तीन गुण आहेत. सुगंध आणि चव मिळून बत्तीस. बाटली उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात जो वास येतो, त्यावर बाराच्या बारा गुणांचा कल ठरत असतो.

४५ किंवा त्याहून जास्त गुणांची बिअर म्हणजे जागतिक दर्जाची. ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ खूप चांगली, २१ ते २९ चांगली, १४ ते २० कामचलाऊ, आणि १३ किंवा त्याखाली म्हणजे मोठा दोष. शाळेच्या हिशोबाने बघितलं तर ५० पैकी ३१ कमी वाटतात. इथे ३१ म्हणजे बिअर स्वच्छ आहे, प्रकाराच्या जवळ आहे, थोडं काम बाकी आहे. पहिल्याच एन्ट्रीला ३१ पडले तर खुशाल आनंद माना.

जजना तुमचं नाव दिसत नाही. बाटलीवर एक क्रमांक असतो आणि कागदावर प्रकार. एखाद्या प्रकारात बिअर खूप आल्या तर जजांच्या जोड्या त्या आपसात वाटून घेतात, प्रत्येक जोडी तिच्या वाट्यातल्या दोन-तीन चांगल्या बिअर पुढे पाठवते आणि त्यांची दुसरी बाटली उघडून एक छोटी फेरी होते. शेवटी प्रत्येक प्रकारातला विजेता सर्वोत्तम बिअरच्या फेरीला जातो. एका एन्ट्रीसाठी दोन-तीन बाटल्या का मागतात, त्याचं उत्तर यात आहे. पहिली बाटली उत्तम आणि दुसरी सपाट निघाली, तर पदक तिथेच हुकतं.

स्टुअर्डचं काम

स्टुअर्ड म्हणजे जजांच्या टेबलाचा आधार. त्याला बिअर चाखण्याची परीक्षा द्यावी लागत नाही. लागतात ते सावध डोळे, मिटलेलं तोंड आणि दिवसभर उभं राहण्याची तयारी. स्पर्धेच्या आयोजकांना महिनाभर आधी कळवा की स्वयंसेवक म्हणून यायचं आहे. त्यांना माणसं कायम हवी असतात. तुम्ही स्वतः एखादी एन्ट्री पाठवली असेल तर ती कुठल्या प्रकारात आहे हे त्याच वेळी सांगून टाका, म्हणजे त्या टेबलावर तुम्हाला नेमणार नाहीत. जजांनाही हाच नियम लागतो.

खरं तर काम निवाड्याच्या दिवसाआधीच सुरू होतं. खोकी उघडायची, बाटल्या फुटल्या नाहीत ना बघायचं, एन्ट्रीचे कागद काढून त्यांच्या जागी क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि प्रकारानुसार क्रेटमध्ये लावून थंडीत ठेवायच्या. या कामाला कुणी फारसं येत नाही, आणि मला विचाराल तर नवख्याने सुरुवात इथूनच करावी. पन्नास जणांची खोकी एका संध्याकाळी उघडली की पॅकिंग कसं करावं आणि कसं करू नये यावर कुणी वेगळं शिकवायला लागत नाही. चिकटपट्टीने असं बांधलेलं खोकं मी बघितलंय की ते उघडायला तिघांना दहा मिनिटं लागली, आणि आतली बाटली मात्र मोकळीच होती.

निवाड्याच्या दिवशी सुगंधी साबण, अत्तर, वासाची क्रीम काही लावून जाऊ नका. तुमच्या मनगटाला येणारा वास जजच्या ग्लासापाशी पोचतो. टेबलावर स्वच्छ पारदर्शक कप, पाणी, बेचव पाव किंवा बिस्किटं, ओतून टाकायची बादली, स्कोअरशीट आणि टोकदार पेन्सिली मांडा. शिशाची कांडी बदलता येते अशीच पेन्सिल ठेवा, कारण नुकत्याच तासलेल्या लाकडी पेन्सिलीचा वास सुगंध हुंगताना मध्ये येतो. प्लास्टिकचे कपही एकदा हुंगून बघा. काहींना पाकिटाचाच वास असतो.

मग बाटल्यांचा क्रम. टेबलाचा मुख्य जज तुम्हाला यादी देतो किंवा क्रम सांगतो. साधारण रीत अशी की हलकी, कमी कडू आणि कमी अल्कोहोलची बिअर आधी, जड आणि कडू नंतर. आंबट, धुरकट, तिखट बिअर शेवटी, कारण त्यांच्यामागून आलेल्या बिचाऱ्या साध्या लागरला (थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअरला) जिभेवर जागाच उरत नाही. एका वेळी एकच बाटली आणा. क्रमांक आणि प्रकार यादीशी ताडून, जजला मोठ्याने वाचून दाखवा. चुकीची बाटली उघडली गेली तर ती परत बंद होत नाही, हे मनात ठेवलं की हात आपोआप सावकाश चालतो. बाटली हलवू नका, आडवी करू नका, तळाचा गाळ उठू देऊ नका. फेस उसळेल अशी शंका आली तर बादलीवर धरूनच उघडा.

जज लिहीत असताना बोलू नका. चेहराही कोरा ठेवा. तुमच्या भुवया वर गेल्या तरी जजच्या मनावर त्याचा रंग चढतो. मात्र जजांनी तुम्हालाही थोडी ओतली तर जरूर घ्या, हुंगा, मनाशी गुण ठरवा आणि गप्प राहा. मग ते आपसात बोलायला लागले की कान उघडे. तुमचं खरं शिक्षण तिथे होतं.

आणि स्कोअरशीट हातात आली की बेरीज तपासा. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. आठवी बिअर संपवून नवव्या बिअरकडे वळलेल्या जजच्या हातून ९ आणि १५ ची बेरीज २३ होते. कुणीतरी महिनोन्‌महिने जपलेल्या बिअरचा एक गुण तुमच्या डोळ्यांमुळे वाचतो. दोन्ही शीटवर एकच क्रमांक आहे का, ठरलेला सामाईक गुण लिहिला आहे का, एखादा रकाना कोरा तर राहिला नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्या.

एका टेबलावर बघितलेलं

त्या पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर चेक पद्धतीची प्रीमियम फिकी लागर होती. सोनेरी, दाट पांढरा फेस, ओतताना ब्रेडच्या कडेसारखा वास. दोघा जजांनी मान खाली घालून लिहिलं. पहिल्याने आकडा सांगितला ३८, दुसरीने २९. नऊ गुणांचं अंतर. साधारण संकेत असा की दोघांचे गुण सातच्या आत यावेत, म्हणून मग चर्चा सुरू झाली.

ती म्हणाली, "मला लोणी लागतंय." तो म्हणाला, "मलाही लागतंय, पण या प्रकारात थोडं चालतं." दोघांचंही खरं होतं. लोण्याचा किंवा टॉफीचा तो भास डायअसिटिल नावाच्या द्रव्याने येतो. ते यीस्टच्या कामातूनच तयार होतं, आणि यीस्टला पुरेसा वेळ दिला तर तेच ते खाऊनही टाकतं. चेक लागरमध्ये त्याची हलकी छटा मार्गदर्शिकेला मान्य आहे. मग प्रश्न उरला किती, एवढाच.

त्याने मार्गदर्शिकेतला तो परिच्छेद उघडून टेबलावर ठेवला. तिने कप दोन्ही तळव्यांत धरला आणि दोन-तीन मिनिटं तसाच धरून बसली. बिअर कोमट होत गेली. मग तिने कप त्याच्याकडे सरकवला. त्याने हुंगलं, घोट घेतला, जीभ टाळूला लावून बघितली आणि म्हणाला, "हो. आता तेलकट लागतेय." थंड असताना लपलेलं लोणी उबेने वर आलं होतं. सामाईक गुण ठरले ३२. दोघांनीही शेऱ्यात लिहिलं की बिअर मुळात छान बांधलेली आहे, आंबवण संपत आल्यावर तापमान काही अंशांनी वाढवून दोन-तीन दिवस तशीच ठेवा आणि मगच थंड करा.

मी तिथे उभी राहून विचार करत होते की हीच बाटली जर्मन पिल्स या फिक्या लागरच्या प्रकारात आली असती तर चर्चेला जागाच नव्हती. तिथे लोण्याचा मागमूससुद्धा दोष आहे. बिअर तीच, आणि प्रकार बदलला की निवाडा बदलतो.

प्रकार निवडताना

म्हणून एन्ट्रीचा फॉर्म भरायला बसाल तेव्हा रेसिपीची वही बाजूला ठेवा. बाटली थंड करा, ग्लासात ओता, मार्गदर्शिका समोर उघडा आणि जे ग्लासात आहे त्याचा प्रकार शोधा. तुम्ही अमेरिकन पेल एल (एल म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबवलेली बिअर) करायला घेतली होती हे जजला माहीत नसतं आणि माहीत असून उपयोगही नसतो. माल्टची गोडी वर आली, रंग तांबूस झाला आणि हॉप्स, म्हणजे कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं, मागे राहिले, तर तीच बिअर अमेरिकन अँबर एलमध्ये जास्त शोभून दिसेल. कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही वर गेलं असेल तर आयपीएचा, म्हणजे इंडिया पेल एलचा, विचार करा. आकडेही ताडून बघा: अमेरिकन पेल एलला कडवटपणाचा पट्टा ३० ते ५० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) आणि अल्कोहोल ४.५ ते ६.२ टक्के आहे, अमेरिकन आयपीएला ४० ते ७० आणि ५.५ ते ७.५. दोन पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत हे दिसतंय ना? त्या मधल्या जागेतली बिअर कुठे टाकायची ते नाक आणि जीभ ठरवते, आकडे नाही.

फळं, मसाले, लाकूड, धूर घातलेल्या बिअरच्या बाबतीत फॉर्ममधली माहितीची ओळ म्हणजे जीव की प्राण. फळांच्या बिअरला कुठलं फळ ते लिहावंच लागतं, आणि मूळ बिअर कुठल्या धाटणीची किंवा तुम्हाला काय साधायचं होतं तेही. जो पदार्थ ग्लासात ओळखू येत नाही त्याचा उल्लेख टाळा. पाच मसाले लिहिले आणि दोनच लागले, तर उरलेले तीन शोधण्यात जजचा वेळ जातो आणि ते सापडले नाहीत म्हणून गुण कापले जातात.

माझी स्वतःची सेझोन, म्हणजे बेल्जियन धाटणीची एल, एकदा याच ओळीपायी मार खाऊन आली. सेझोनला ताकद कोणती, म्हणजे हलकी, नेहमीची की जड, आणि रंग फिका की गडद, हे दोन्ही लिहायचं असतं. मी ओळ कोरी सोडली. जजांनी नेहमीची ताकद धरून निवाडा केला, आणि माझी बिअर होती हलकी, साडेतीन टक्क्यांची. शेऱ्यात आलं, "पातळ, अंग कमी." त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांच्या हातात जो कागद होता त्याप्रमाणे ते बरोबरच बोलले. तेव्हापासून फॉर्म भरला की मी तो एका माणसाला वाचायला देते आणि विचारते, यावरून तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं?

पाठवण्याआधी घरी करायच्या दोन चाचण्या

पहिली लोण्याची. बिअरचे दोन नमुने घ्या. एक झाकून साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसवर वीसेक मिनिटं ठेवा, मग थंड करा. दुसरा तसाच थंड. दोन्ही शेजारी ठेवून हुंगा. गरम केलेल्यात लोणी जाणवलं आणि दुसऱ्यात नाही, तर ते बिअरमध्ये अजून दडलेलं आहे आणि महिन्याभराने बाटलीत वर येईल. अजून बाटलीत भरली नसेल तर तिला यीस्टवर आणखी काही दिवस द्या. ही चाचणी केल्याशिवाय मी आता एकही लागर भरत नाही.

दुसरी चाचणी अनोळखी नाकाची. बिअरमध्ये काय घातलंय ते न सांगता कुणाला तरी फक्त वास घ्यायला सांगा आणि पहिला शब्द विचारा. हिरवं सफरचंद म्हणाले तर बहुतेक आंबवण अर्धवट आहे किंवा बिअर कोवळी आहे. शिजवलेला मका म्हणाले तर वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, जोरात आणि उघडं ठेवून पुरेसं उकळलं नाही. ओला पुठ्ठा म्हणाले तर भरताना हवा लागली. औषधी पट्टीचा वास म्हणाले तर पाण्यातल्या क्लोरिनकडे बघा. एक कॅम्पडेन गोळी (बिअर-वाइन करणारे वापरतात ती सल्फाइटची गोळी) साधारण ७५ लिटर पाण्यातला क्लोरिन मारायला पुरते, त्यामुळे घरगुती घाण्याला तिचा तुकडाच लागतो. केळं किंवा लवंग म्हणाले तर घाबरू नका, आधी प्रकार बघा. जर्मन वाइसबिअर या गव्हाच्या बिअरमध्ये तेच हवं असतं.

बाटली

नियमावलीत बाटलीचं माप आणि रंग दिलेला असतो. बहुधा ३३० ते ३५५ मिलिलिटरची, तपकिरी काचेची, कुठलंही नाव किंवा उठाव नसलेली बाटली मागतात. झाकणही कोरं हवं. त्यावर छाप असेल तर काळ्या शाईने पूर्ण झाका. बाटलीवर काही खूण राहिली तर एन्ट्री बाद होऊ शकते, कारण तिच्यावरून मालक ओळखता येतो. पारदर्शक काचेचा मोह टाळा. उजेड लागला की हॉप्समधल्या द्रव्यांचं विघटन होऊन स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीसारखा वास येतो, आणि त्याला उन्हातली काही मिनिटंही पुरतात.

बाटलीतच वायू तयार करत असाल तर साखर मोजून घाला, अंदाजाने नाही. खोलीच्या साधारण २० अंश तापमानाला आंबलेल्या नेहमीच्या एलला लिटरमागे सहा ग्रॅम साखर, म्हणजे वीस लिटरला १२० ग्रॅमच्या आसपास, पुरते. तिचं पाणी उकळून, थंड करून, भांड्याच्या तळाशी आधी घाला आणि वरून बिअर सोडा, म्हणजे ती सगळीकडे सारखी मिसळते. प्रत्येक बाटलीत वेगळी साखर टाकणाऱ्यांच्या दोन बाटल्या एकसारख्या निघत नाहीत. मग दोन आठवडे उबेत, त्यानंतर थंडीत. आंबवण खरोखर संपली आहे याची खात्री झाल्याशिवाय भरूच नका. तीन दिवस घनता एकाच आकड्यावर थांबली पाहिजे. नाहीतर बाटली दुसऱ्या माणसाच्या हातात फुटते, आणि ती उघडणारा स्टुअर्ड असतो.

केगमधून (वायूच्या दाबाखाली बिअर ठेवायच्या पिंपातून) भरत असाल तर बाटल्या आणि नळी दोन्ही बर्फासारखी थंड करा, बाटलीत आधी कार्बन डायऑक्साइड सोडा, नळीचं टोक तळाला टेकवून सावकाश भरा आणि फेस तोंडापर्यंत आला की फेसावरच झाकण ठोका. झाकणाखाली हवा राहायला जागाच मिळत नाही. केगमध्ये वायू नेहमीपेक्षा किंचित जास्त ठेवा, भरताना थोडा उडतोच. वरची मोकळी जागा दोन-तीन सेंटिमीटर.

एन्ट्रीला तीन बाटल्या लागत असतील तर पाच भरा. एक पाठवण्याच्या आदल्या दिवशी उघडून बघायला. दुसरी कशासाठी ते शेवटी सांगते.

वेळेचं गणित

एन्ट्री घेण्याची मुदत निवाड्याच्या दोन-तीन आठवडे आधी बंद होते, म्हणजे तुमची बिअर तितके दिवस दुसऱ्याच्या शीतगृहात असते. हॉप्सच्या बिअरला हे दिवस जड जातात. सुगंध रोज थोडा उतरतो. त्यामुळे आयपीए अशी करा की ती मुदतीच्या शेवटच्या दिवसांत नुकतीच तयार झालेली असेल. लागरला निवाड्याआधी निदान आठ-दहा आठवडे द्या. बार्लीवाइन, इंपीरियल स्टाउट अशा जड, मुरवायच्या बिअरचं काम मागच्या हंगामातच झालेलं असायला हवं. कॅलेंडरवर निवाड्याची तारीख लिहा आणि उलटं मोजत या.

पॅकिंग आणि पोचवणं

स्वतः नेऊन देता आली तर तीच रीत उत्तम. अनेक ठिकाणी होमब्रूचं साहित्य विकणारी दुकानं एन्ट्री गोळा करतात. पाठवावीच लागली तर आधी वाहतूकदाराचे नियम वाचा. अमेरिकेच्या टपाल खात्यातून मद्य पाठवायला कायद्याने बंदी आहे, आणि खासगी कंपन्यांचेही स्वतःचे निर्बंध असतात.

प्रत्येक बाटली बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये दोन वेढे देऊन, खोक्याच्या आत मोठी पिशवी घालून तिच्यात उभी ठेवा. एखादी फुटलीच तर ओल बाहेर येत नाही. उरलेली जागा कागदाने घट्ट भरा. मग खोकं उचलून हलवा. खडखडला तर पुन्हा उघडा. एन्ट्रीच्या चिठ्ठ्या बाटलीला रबरबँडने लावायच्या, डिंकाने नाही, कारण आतल्या माणसांना त्या काढायच्या असतात. बाटलीत गाळ असेल तर पार्सल मुदतीच्या पाच-सहा दिवस आधी पोचेल असं बघा, म्हणजे प्रवासात उठलेलं यीस्ट पुन्हा तळाला बसतं.

जज व्हायचं मनात आलं तर

दोन-तीन वेळा स्टुअर्ड झालात की हा विचार येतोच. बीजेसीपीची पहिली परीक्षा ऑनलाइन असते, ६० मिनिटांत १८० प्रश्न. ती पार झाली की एक वर्षाच्या आत चाखण्याच्या परीक्षेला बसायचं. तिथे ९० मिनिटांत सहा बिअरच्या पूर्ण स्कोअरशीट लिहाव्या लागतात. अभ्यास एकट्याने होत नाही, गट जमवा. एक जण बिअर आणतो, नाव सांगत नाही, बाकीचे लिहितात आणि मग कागद जुळवतात. परीक्षा नाही दिलीत तरी ही सवय तुमच्या घरच्या बिअरला सुधारते.

स्कोअरशीट आली की

लगेच वाचायची घाई करू नका. राखून ठेवलेली ती पाचवी बाटली शीतकपाटातून काढा. एक कोरी स्कोअरशीट छापून घ्या. बिअर ओता, आधी हुंगा आणि लिहा, मग बघा आणि लिहा, मग चाखा. पाच रकान्यांचे तुमचे गुण भरा, बेरीज करा आणि मगच जजांच्या शीट उघडा. दोन्ही जजांनी एकच दोष लिहिला असेल तर तो आहे असं धरा, तुम्हाला लागला नसला तरी. ग्लास दहा मिनिटं हातात धरून ठेवा आणि पुन्हा हुंगा. एकानेच लिहिला असेल तर वहीत टिपून ठेवा आणि पुढच्या स्पर्धेत तोच शब्द पुन्हा येतो का ते बघा. मग त्याच रेसिपीत एकच गोष्ट बदला, फक्त एक, आणि पुढच्या घाण्याला पाणी तापत ठेवा.